सिनिगांग आणि आते

तगालोग भाषेतील पुष्कळशा पदार्थांची नावे मुळात क्रियापदे आहेत. ‘सिगांग’ म्हणजे रसात शिजवणे. या धातूच्या पहिल्या व्यंजनानंतर ‘इन’ हा प्रत्यय घुसवला की ‘सिनिगांग’ होते. म्हणजे ‘जे शिजवले गेले ते’. ‘सांगाग’ म्हणजे भात परतणे आणि ‘सिनांगाग’ म्हणजे परतला गेलेला भात. ‘तिनोला’, ‘किनिलाव’ ही नावेही याच वळणाची. शब्दाच्या पोटात शिरणारा असा प्रत्यय आपल्याला अपरिचित वाटतो, पण संस्कृतातील रुधादिगण ज्यांनी घोकला आहे त्यांना ‘रुध्’चे ‘रुणद्धि’ होताना मध्येच उगवणारा ‘न’ आठवेल. मला मात्र या व्याकरणात दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटते. ही सगळी नावे कर्मणी आहेत. काय शिजले ते नावात आहे, कोणी शिजवले ते नाही. आपण ‘आईच्या हातची आमटी’ म्हणतो तेव्हा षष्ठीची एक विभक्ती तरी त्या बाईच्या वाट्याला येते. सिनिगांगमध्ये कर्त्याला जागाच नाही.

या पदार्थाविषयी लिहायचे ते एवढ्यासाठी, की गेली वीसहून अधिक वर्षे तो आमच्या घरी, एका मराठी घरात, नियमाने शिजतो आहे. १९९८ ते २००९ अशी अकरा वर्षे आम्ही फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस येथे होतो. १९६० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था याच गावात आहे, आणि एम. एस. स्वामीनाथन १९८२ ते ८८ या काळात तिचे महासंचालक होते, हे अनेकांना ठाऊक असेल. माझे पती तिथे नोकरीला होते. मी पुण्यात मराठी शिकवणे सोडून गेले होते आणि तिथे काय करावे हा प्रश्न घेऊन बसले होते. गावाच्या नावाचा स्पॅनिश अर्थ ‘न्हाणी’. माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत म्हणून हे नाव. मधल्या काळात पाऊस इतका पडतो की कोकणातून आलेल्या माणसालाही तो ओळखीचा वाटावा. आणि पाऊस लागला की त्या देशात घरोघरी सिनिगांग शिजते.

इथे भाषांतराची एक अडचण सांगायला हवी. ज्या अन्नाने पोटापेक्षा मनाला अधिक बरे वाटते, आजारपणात, पावसात, परक्या गावात ज्याची आठवण येते, त्या अन्नाला मराठीत एकच असा शब्द नाही. ‘पथ्याचे’ म्हणावे तर त्यात शिक्षेचा वास येतो. ‘साधे’ म्हणावे तर ते अपुरे आहे. मऊ भात, मेतकूट, वरून तूप. ज्वारीची कण्या घालून केलेली आंबील. कोकणात पेज आणि सुका बांगडा: आपण पदार्थांची नावे घेतो, वर्गाचे नाव घेत नाही. तगालोगमध्येही बहुधा तसेच करतात. कोणाला कसे वाटते आहे असे विचारण्याऐवजी ते ‘कुमाइन का ना?’, म्हणजे ‘जेवलास का?’ असे विचारतात, आणि आपल्या ‘जेवलात का?’ प्रमाणेच त्याचे उत्तर जेवणापुरते नसते.

भाताच्या बाबतीत तर दोन्ही भाषांची इयत्ता एकच आहे. शेतातले ते ‘पालाय’, आपले साळ किंवा भात. कांडलेले ते ‘बिगास’, आपले तांदूळ. शिजलेले ते ‘कानिन’, आपला भात. भांड्याच्या बुडाला लागलेली खरवड ती ‘तुतोंग’. उरलेला गार भात तो ‘बाहाव’. भात संशोधन संस्थेतील सारे शोधनिबंध या सर्वांना एकाच इंग्रजी शब्दात बसवत असत आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलेले तिथले कामगार पुन्हा पाच शब्दांत परतत असत. मला त्याची गंमत वाटे.

आता पदार्थ. सिनिगांगचे पाणी म्हणजे साधे पाणी नव्हे. तांदळाचे दुसरे धुवण, ‘हुगास-बिगास’. पहिल्या धुवणात धूळ जाते, दुसऱ्यात पिठूळपणा उतरतो तो रसाला अंग देतो. (आयुर्वेदात तंडुलोदक आहे, पण ते अनुपान म्हणून. आपल्या रोजच्या स्वयंपाकात हे पाणी आपण झाडांना घालतो.) त्यात कांदा आणि टोमॅटो उभे चिरून उकळत ठेवायचे. अळकुड्या सोलून आधी टाकायच्या, कारण त्यांना वेळ लागतो आणि त्यांतल्या एकदोन विरघळून रस दाट व्हायला हव्यात. दुसऱ्या भांड्यात मूठभर हिरव्या, कोवळ्या चिंचा सालासकट शिजवायच्या, फुटल्या की दाबून कोळ काढायचा आणि तो गाळून रसात ओतायचा. मग मुळ्याच्या चकत्या, चवळीच्या लांब शेंगा, वांगे, भेंडी, एक लांब हिरवी मिरची अख्खीच. कोलंबी शेवटच्या चार मिनिटांत. तिची डोकी ठेचून त्यांचा रसही घालतात. सगळ्यात शेवटी, आच बंद केल्यावर, कांगकोंग. ही आपली नाळीची भाजी. मिठाऐवजी ‘पातिस’, म्हणजे खारवलेल्या माशांचे पाणी. संपले. तेल नाही, हळद नाही, मसाला नाही, आणि मराठी हाताला सर्वांत कठीण जाणारी गोष्ट म्हणजे, फोडणी नाही.

माझ्या सासूबाई देवगडच्या बाजूच्या. २००१ साली त्या तीन महिने आमच्याकडे राहायला आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी वाटी तोंडाला लावली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सार बरं आहे गो, पण फोडणी घालायची राहिली.” मला वाटते, सिनिगांगवरचे हे सर्वांत नेमके समीक्षात्मक विधान आहे. आपल्याकडे पदार्थाचा ‘सूर’ फोडणीत लागतो. तेल तापते, मोहरी तडतडते, हिंगाचा वास शेजारपाजारापर्यंत जातो, आणि मगच काहीतरी शिजायला सुरुवात झाली असे घर मानते. सिनिगांगला असा प्रवेश नाही. ते गाजावाजा न करता पाण्यात सुरू होते आणि पाण्यातच संपते. चव येते ती आंबटातून, आणि तो आंबटपणा सौम्य नसतो. तो कानामागे शिरशिरी आणतो. तगालोगमध्ये ‘आसिम’ म्हणजे आंबट. वयस्क पण अजून देखण्या माणसाविषयी तिथे कौतुकाने ‘माय आसिम पा’, अजून आंबटपणा शिल्लक आहे, असे म्हणतात. आपल्याकडे आंबटशौकीन हा शब्द वेगळ्याच अंगाने गेला, हे आपले दुर्दैव.

आंबट कशाने आणायचे याला नियम नाही, प्रदेश आहे. मनिलाभोवती चिंच, ‘सांपालोक’. मनिलातल्या एका जुन्या भागाचे नावच सांपालोक आहे. कुठे बिलिंबी, ज्याला तिथे ‘काम्यास’ म्हणतात. कुठे कच्ची कैरी. माशाच्या सिनिगांगात पिकलेला पेरू घालतात, तेव्हा रस आंबटगोड आणि अत्यंत सुवासिक होतो. आणि विसाया बेटांवर, इलोइलोच्या बाजूला, ‘बातवान’. हे फळ पहिल्यांदा हातात आले तेव्हा मी ते नखाने चिरून हुंगले आणि सासूबाईंकडे दिले. त्या म्हणाल्या, “रातांब्याची मावसबहीण.” वनस्पतिशास्त्रही तेच सांगते, कोकम आणि बातवान एकाच गार्सिनिया कुळातली. चिंच मूळची आफ्रिकेची, अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हटले आणि ती पूर्वेकडे सरकत गेली. टोमॅटो आणि मिरची मेक्सिकोहून स्पॅनिश गलबतांतून थेट पॅसिफिक ओलांडून मनिलाला उतरली. आपल्याकडे तीच मंडळी पोर्तुगिजांबरोबर उलट दिशेने आली. एका वाटीत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होते. तरी त्या वाटीला ‘आमची’ म्हणण्यात तिथल्या कोणालाही संकोच वाटत नाही, आणि ते योग्यच आहे.

या पदार्थाकडे साहित्याच्या माणसाने पाहावे कसे हे मला डोरीन फर्नांडेझ यांच्या लेखनाने शिकवले. त्या मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठात साहित्य शिकवीत, रंगभूमीच्या अभ्यासक होत्या, आणि अन्नावर त्यांनी त्याच गांभीर्याने लिहिले. एडिल्बेर्तो आलेग्रे यांच्यासह १९८८ साली आलेले ‘साराप’ आणि १९९४ चे ‘तिकिम’ ही त्यांची पुस्तके. परदेशी पाककृतींच्या पुस्तकांत फिलिपिन्सची ओळख म्हणून आदोबो येतो. त्याऐवजी सिनिगांग हाच तिथल्या रुचीचा खरा प्रतिनिधी आहे, असे त्यांनी मांडले. कारण तो गरिबाला परवडतो, श्रीमंताला चालतो, हाताशी असेल ते पोटात घेतो. जेवणाऱ्याने आपल्या ताटाशी मीठ, मिरची, पातिस, लिंबू यांचे मिश्रण करून पदार्थ आपल्यापुरता पुरा करायचा, या तिथल्या रीतीकडेही त्यांनी लक्ष वेधले आहे. वाचकाच्या सहभागाने संहिता पूर्ण होते हे आपण वर्गात सांगतो. तिथे ते वाटीत दिसते. आपल्याकडे हे काम करू धजावलेले नाव म्हणजे दुर्गा भागवत. ‘खमंग’ ज्यांनी वाचले असेल त्यांना हे पटेल. दुर्गाबाई आणि डोरीन फर्नांडेझ, दोघीही २००२ साली गेल्या. दोघींची भेट झाली असती तर, हा विचार मी पुष्कळदा करते. असो.

अन्न कोणाला कसे वाढले जाते यातून सत्ता कळते, हे मात्र त्या देशात होसे रिझाल यांनी फार आधी लिहून ठेवले. १८८७ साली बर्लिनमध्ये छापलेल्या ‘नोली मे तांगेरे’ या त्यांच्या स्पॅनिश कादंबरीच्या आरंभीच्या मेजवानीत तिनोला वाढला जातो आणि गर्विष्ठ पाद्री दामासोच्या वाटीत येतात कोंबडीची मान आणि पंख. सारे वैर त्या एका वाटीतून सुरू होते. रिझाल यांचे जन्मगाव कालांबा आमच्या घरापासून जवळच. मनिलाला जाताना दर वेळी लागायचे.

आता जिच्यामुळे हे सारे लिहिते आहे तिच्याकडे येते. माझी मुलगी १९९९ ची. ती तीन महिन्यांची असताना आमच्याकडे इलोइलोची एक तरुण बाई कामाला आली. तिला सगळे ‘आते’ म्हणत. तगालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण. आमच्या मुलीने मात्र हा शब्द मराठीत ऐकला. आतेभाऊ, आतेबहीण हे शब्द घरात फोनवर येत-जात, तेव्हा तिने आपल्या मनाशी ठरवून टाकले की ही आपली आत्या. पुण्याला खरी आत्या भेटली तेव्हा ‘ही कुठली?’ असे तिने विचारले होते. आतेने तिला भरवले, निजवले, आणि ती दातांवर आल्यापासून मऊ भातात सिनिगांगचा रस कालवून दिला. मी वरण-भात करून ठेवी. तो आम्ही दोघे खात असू. तेव्हा मला दुखत असे, हे खरेच. भाषेची माणसे आपण. मातृभाषेसाठीच्या इंग्रजी शब्दात जीभ आहे हे विसरत नाही. मुलीची जीभ माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या बाईच्या वाटीत घडत होती.

पण त्या बाईची स्वतःची दोन मुले होती. मुलगी माझ्या मुलीएवढी, मुलगा दोन वर्षांनी लहान. ती इलोइलोजवळच्या खेड्यात आजीकडे, ‘लोला’कडे, वाढत होती. वर्षातून एकदा आते बोटीने घरी जाई आणि येताना मीठ लावून सुकवलेले बातवान घेऊन येई. २००४ साली तिने सांगितले की ती हाँगकाँगला जाणार. तिथे घरकामाला दोन वर्षांचा करार मिळतो आणि पगार आम्ही देत होतो त्याच्या कितीतरी पट. आम्ही पगार वाढवला असता तरी ते अंतर भरून निघण्यासारखे नव्हते. १९७४ पासून फिलिपिन्स सरकारने परदेशी मजुरीला धोरणाचे रूप दिले. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी या बायकांना ‘नव्या वीरांगना’ म्हणून गौरवले. वीरांगना होण्यासाठी आतेने मध्यस्थाला द्यायचे पैसे व्याजाने काढले होते.

त्या कर्जाचा विचार करताना मला नेहमी एक ताम्रपट आठवतो. लॉस बान्योस ज्या सरोवराच्या काठी आहे, त्याच लागुना परिसरात १९८९ साली एक ताम्रपट सापडला. फिलिपिन्समधील हा सर्वांत जुना ज्ञात लेख. त्यावरची तिथी आपल्या पंचांगात जशीच्या तशी वाचता येते: शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार. सन ९०० मधला एप्रिल. भाषा प्राचीन मलय, तीत संस्कृत शब्द मिसळलेले. लेख कशाचा? कर्जमाफीचा. नामवारान नावाच्या माणसाचे सोन्याचे ऋण फिटले असून त्याच्या मुलाबाळांवर पुढे त्याचा भार राहणार नाही, असे त्यात साक्षीदारांसह नोंदवले आहे. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो पत्रा पाहताना मी शालिवाहन शकाच्या अभिमानाने गेले होते आणि मुलाबाळांच्या वाक्याशी थांबले.

आते गेली त्या आठवड्यात मुलीला ताप आला. ती पाच वर्षांची होती. मऊ भात नको, मेतकूट नको, खिमट नको. “आतेचं आंबट दे,” एवढेच. मी शेजारणीला विचारून बाजारातून कोवळ्या चिंचा आणल्या. आतेच्या हाताखाली उभी राहून मी शंभरदा पाहिले होते. पाहणे आणि करणे यांत जे अंतर असते ते मात्र त्या दुपारी कळले. ‘रुचिरा’वर वाढलेली मी, कमलाबाई ओगल्यांनी वाट्या-चमच्यांत सारे मोजून दिलेले. इथे मोजायला काही नव्हते. हात चारदा फोडणीच्या पळीकडे गेला आणि चारदा मागे घेतला. रस झाला, मुलीने एक घोट घेतला, विचार केला, आणि म्हणाली, “अजून.” अजून वाढ की अजून आंबट कर, ते तिने सांगितले नाही. मी कोळ आणखी घातला आणि वाढले. तिने कानामागे शिरशिरी आल्यासारखे खांदे आवळले. मग जेवली.

त्या दिवसापासून सिनिगांग माझ्याकडे आले. २००६ च्या सप्टेंबरात मिलेन्यो वादळाने लॉस बान्योसला झोडपले, माकिलिंगवरून चिखल उतरला, कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा कोळशाच्या शेगडीवर मी मोठ्या पातेल्यात ते केले, घरात होत्या नव्हत्या त्या भाज्या टाकून. शेजारच्या दोन घरांनी वाट्या पुढे केल्या. कोणी चवीवर भाष्य केले नाही. तिथे ती पसंतीच समजतात.

पुण्यात आल्यावर पातिस मिळेना तेव्हा मी मीठ आणि किंचित जवळ्याचे पाणी वापरू लागले. कांगकोंगऐवजी पालक घालून पाहिला. तो लगेच मऊ पडतो, देठांचा कुरकुरीतपणा येत नाही. कोवळ्या चिंचा तेवढ्या मिळतात. पाकिटातली भुकटी आता जगभर मिळते आणि मुलगी ती वापरते, तिला वेळ नसतो. ती आता बंगळूरला नोकरी करते. मी वापरत नाही, त्यात तत्त्व नाही. भुकटीचा आंबटपणा पहिल्या घोटातच सगळा संपतो एवढेच.

आते बारा वर्षांनी, २०१६ साली, कायमची परतली. मध्ये सहा करार झाले. दर रविवारी सुटीच्या दिवशी हाँगकाँगच्या मध्यभागी पुठ्ठे अंथरून बसणाऱ्या हजारो फिलिपिनो बायकांत ती असे. तिथून फोन करी. ज्या घरी ती होती तिथे आंबट कोणी खात नसे. ती वाफवलेले मासे आणि सूप शिकली. घर बांधले, मुलांना शिकवले. परतली त्या संध्याकाळी तिने सिनिगांग केले, बातवान घालून, गावातल्या ताज्या कोलंबीचे. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा. त्याने वाटी संपवली आणि नम्रपणे म्हणाला, “छान आहे. पण लोला असं नाही करत.”

हे तिने मला फोनवर सांगितले, आणि ती हसली. मी काही बोलले नाही. माझी मुलगी शेजारीच उभी होती, सुटीला आलेली. तिने फोन घेतला. दोघींचे मग बराच वेळ तगालोगमध्ये चालले, मला अर्धेच कळत होते. मुलगी विचारत होती, चिंच किती घ्यायची, नेमकी किती, आई कधीच सांगत नाही. पलीकडून उत्तर आले ते ओळखीचे होते: “तांत्या-तांत्या लांग.” म्हणजे अंदाजाने गं.

हल्ली महिन्यातून एकदा तिचा व्हिडिओ-फोन येतो. लोला आता नाही. मुलगी दुबईला परिचारिका आहे आणि तिचे बाळ आतेकडे आहे, दीड वर्षाचे. मागच्या खेपेला आतेने ते कॅमेऱ्यासमोर धरले, त्याच्या हनुवटीवर भाताची शिते होती. मग तिने विचारले, पुण्यात बिलिंबी मिळते का. मी म्हटले, बाजारात क्वचित. पण देवगडला सासूबाईंच्या परसात एक झाड आहे, या वर्षी खोडालाच लगडून आले आहे, कोणी खात नाही म्हणून खाली सडा पडतो. ती म्हणाली, मीठ लावून उन्हात वाळव, आठ दिवस, रोज उलटव, रात्री आत घे.